लव्हबाइट्सचा पहिला अल्बम: दोन्ही गिटारी नीट कान देऊन ऐकल्यात का कुणी?

सहावी_तार:

नमस्कार मंडळी, इथे संगीत विभागात बहुतेक धागे जुन्या हिंदी गाण्यांचे नाहीतर नाट्यसंगीताचे असतात आणि ते मी आवडीने वाचते, पण आज मला एका मेटल अल्बमबद्दल लिहायचंय आणि लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. बँडचं नाव लव्हबाइट्स, जपानचा, तोक्योचा, पाच जणी. अल्बम 'अवेकनिंग फ्रॉम अबिस', ऑक्टोबर २०१७ मधला, म्हणजे बँड जेमतेम वर्षभराचा होता तेव्हाचा. आता त्यांचं बरंच नाव झालंय, पण मी मुद्दाम पहिलाच अल्बम घेतलाय. नव्या बँडने जे जे येतं ते सगळं पहिल्या अल्बममध्ये ओतलेलं असतं, अजून आपलं नाणं वाजवून दाखवायचं असतं ना, ती भूक ऐकू येते आणि मला ती फार आवडते.

हा बँड पॉवर मेटल वाजवतो, ज्यांना तो प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मेटल म्हटलं की लोकांना घसा फाडून ओरडणंच आठवतं, इथे तसं नाही, गाणारा सुरात गातो आणि बहुतेक वरच्या पट्टीत गातो, ठेका पळता असतो, आणि ध्रुवपद असं की दुसऱ्यांदा आलं की तुम्ही आपसूक गुणगुणायला लागता. काही बँड यात कीबोर्ड आणि ऑर्केस्ट्राचे थर चढवतात. लव्हबाइट्सकडे कीबोर्डचा रंग आहे, पण गाडी ओढतात त्या दोन गिटारीच, मिदोरी आणि मियाको. बेस गिटारवर मिहो, ड्रमवर हारुना, या दोघी आधी डेस्ट्रोज नावाच्या बँडमध्ये होत्या, तो संपल्यावर २०१६ मध्ये त्यांनी हा बँड उभा केला. गायला असामी, जी आधी मेटल गात नव्हती, सोल आणि आर अँड बी हे अमेरिकन गाण्याचे प्रकार गायची, आणि ते ऐकताना कळतं, म्हणजे आवाज धारदार आहे पण ओळीच्या शेवटी तो जो गोलावतो तो मेटलवाल्यांचा नाहीच. बँडचं नाव हेलस्टॉर्म या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून घेतलंय.

मे २०१७ मध्ये चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आणि पाच महिन्यांत पूर्ण अल्बम, आणि मिक्सिंगसाठी रेकॉर्डिंग पाठवलं कुठे तर फिनलंडला, हेलसिंकीच्या फिनवॉक्स स्टुडिओत, मिक्को कार्मिलाकडे, मास्टरिंग मिका युसिलाकडे. म्हणजे नाइटविश, स्ट्रॅटोव्हेरियस वगैरे तिथले मोठे बँड ज्या हातांनी घडवले त्याच हातांकडे. नवीन बँडने पहिल्याच अल्बमला एवढं मोठं पाऊल टाकणं मला फार धीट वाटलं.

आता मूळ गोष्ट. मी हा अल्बम दोनेक महिने ऐकत होते, आवडतही होता, पण मला वाटायचं की हे सगळं वेगाचं काम आहे, बोटं पळतायत म्हणून आपण थक्क होतोय. मग एकदा नाशिक-पुणे बसमध्ये रात्री 'शॅडोमेकर' लावलं होतं आणि नारायणगावच्या आसपास कंडक्टरने तिकीट विचारलं म्हणून उजव्या कानातलं बूच काढलं, तर डाव्या कानात गिटारची जी चाल चालू होती ती माझ्या ओळखीचीच नव्हती! म्हणजे मी दोन महिने जी एक चाल समजून गुणगुणत होते ती एक नव्हतीच, दोन होत्या, एक खालून एक वरून, आणि दोन्ही मिळून माझ्या डोक्यात तिसरीच तयार झाली होती. तिकीट दाखवलं आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं, आधी फक्त डावा कान, मग फक्त उजवा, मग दोन्ही. चाकणपर्यंत तेच एक गाणं ऐकत होते.

तेव्हापासून वेगाकडे माझं लक्षच जात नाही. तुम्ही करून बघा, सोलो, म्हणजे गिटारचा एकटीचा तुकडा, चालू असताना तो अर्ध्या वेगात मनातल्या मनात गाऊन बघा, गाता येतो. चाल आहे त्यात. नुसता वेग असता तर अर्ध्यावर आणल्यावर हातात काही उरलं नसतं.

मी स्वतः चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतेय, अजून कच्चीच आहे, पण जाणकारांनी कृपया लिहा, दोन गिटारी अशा जोडीने चालतात त्यामागे नियम काय असतो? आणि कुणी हा अल्बम ऐकलाय का इथे?

जुना_कॅसेटवाला:

अगं तू मला ३७-३८ वर्षं मागे नेलंस. हा बँड मी काल तुझा धागा वाचून पहिल्यांदा ऐकला, रात्री जेवण झाल्यावर सलग, आणि ऐकताना सारखं हॅम्बुर्ग आठवत होतं.

माझा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने १९८७ च्या शेवटी हॅम्बुर्गहून मला एक कॅसेट आणून दिली, हेलोवीन नावाचा बँड, 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' पहिला भाग. तेव्हा मला यांच्याबद्दल शून्य माहिती होती, पॉवर मेटल हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता. नंतर कळलं की १९८५ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर गिटारवाला काय हान्सेन स्वतःच गायचा, पण अशी गिटार वाजवत गाणं त्याला जड जायला लागलं म्हणून त्यांनी गायक शोधला, मिखाएल किस्के, वय किती तर १८! आणि हान्सेन मोकळा झाला आणि मिखाएल वायकाथबरोबर गिटारीची जोडी जमली. आज जे कुणी पॉवर मेटल वाजवतात ना, जपानात वाजवोत नाहीतर ब्राझीलमध्ये, ते त्या जोडीला ओलांडून जाऊच शकत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

आता तुझ्या बसच्या गोष्टीवर. माझ्या टेपरेकॉर्डरचा एक चॅनल गेलेला होता आणि मला ते माहीतच नव्हतं, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सगळे झोपल्यावर एका स्पीकरवर कान लावून ऐकायचो. साधारण वर्षभर मी ती कॅसेट तशीच ऐकली, पाठ झाली. मग लॅमिंग्टन रोडला एकाने हेड बदलून दिलं, घरी येऊन कॅसेट लावली आणि दुसऱ्या बाजूने दुसरी गिटार आली. मी बसलेलो उभा राहिलो. आई म्हणाली काय झालं रे. तिला काय सांगणार, वर्षभर अर्धंच ऐकत होतो हे कळलं म्हणून डोळ्यात पाणी आलं होतं.

त्यातला ड्रमर इंगो श्विख्टेनबर्ग १९९५ मध्ये गेला, फार तरुण होता. हारुनाचे पाय ऐकताना तो आठवला.

पेटी_आणि_भाता:

मेटलमधलं मला काही कळत नाही, मी मिरजेत पेटी शिकवते, पण धागाकर्तीचा प्रश्न सुरांचा आहे म्हणून लिहितेय. 'शॅडोमेकर' ऐकलं, मग पेटी काढून बसले, भाचीने फोनवर वेग कमी करून दिला.

सोप्या शब्दात सांगते. दोन गिटारी बऱ्याच ठिकाणी एकमेकींपासून तिसऱ्या सुरावर चालतात. एक सा वर असेल तर दुसरी कोमल ग वर, पहिली रे वर गेली की दुसरी म वर, पहिली कोमल ग वर की दुसरी प वर. आसावरी थाटाचे सूर घ्या आणि एक सूर सोडून पुढचा धरा, झालं. ऐकायला एकच चाल वाटते कारण दोघींची वळणं एकाच वेळी होतात, एक चढली की दुसरीही चढते. त्यामुळे याला जुगलबंदी म्हणू नका, जुगलबंदीत एक बोलतो, दुसरा उत्तर देतो. इथे दोघी एकच वाक्य एकदम बोलतायत.

पण यात खरी मजा अशी की दोघींमधलं अंतर कायम सारखं नसतं! पेटीवर पट्ट्या मोजून बघा, सा ते कोमल ग तीन पट्ट्या, रे ते म तीन, पण कोमल ग ते प चार. म्हणजे दुसरीने नुसतं डोळे मिटून तीन-तीन पट्ट्या वर वाजवलं तर बेसूर होईल, तिला प्रत्येक सुराला कळायला हवं की आता तीन की चार. त्या वेगात. हे त्या मुली करतायत आणि एकदाही पाय घसरत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

आणखी एक. या प्रकारच्या संगीतात मधेमधे एकदम एक वेगळीच ओढ लागते, ती येते शुद्ध निषादाने. बाकी सगळं आसावरीचं आणि नि मात्र शुद्ध, म्हणजे झाला कीरवाणी. कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर जी झेप आहे ना, तीन पट्ट्यांची, तिच्यात ती सगळी व्याकुळता आहे. पाश्चात्त्य लोक त्याला हार्मोनिक मायनर म्हणतात असं भाची म्हणाली. नावं वेगळी, सूर तेच.

सहावी_तार:

@पेटी_आणि_भाता ताई, हे मला चार वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं, खरंच. मला क्लासमध्ये आकृत्या दिल्या होत्या, फ्रेटबोर्डावर (गिटारच्या मानेवर जिथे बोटं दाबतात तिथे) काळे ठिपके, हे पाठ करा म्हणून, आणि मी ठिपके पाठ केले पण तीन की चार हे का ते कधी कळलंच नाही. आज वही काढून तुमचं सगळं उतरवून घेतलं.

@जुना_कॅसेटवाला काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली यांच्या आईला मी ओळखलं असतं तर बरं झालं असतं.

निनाद_०७:

धागा चांगला आहे, पण थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नये.

मी मेटल भरपूर ऐकलंय, १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीच्या मैदानावर आयर्न मेडन मुंबईत आले तेव्हा पहिल्या काही रांगांत होतो, त्यांच्या त्या जगभराच्या टूरचा पहिला शो मुंबईत झाला होता. दोन गिटारींनी मिळून चाल वाजवणं हे मेडननी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून केलं आणि त्यांच्याही आधी थिन लिझीने. मग जर्मनीत हेलोवीन, मग फिनलंड. लव्हबाइट्सचा हा अल्बम ऐकताना मला प्रत्येक गाण्यात कुणी ना कुणी ओळखीचं भेटतं. वादन उत्तम, यात वादच नाही, पण नवीन काय? नवा बँड म्हणून ऐकायला बसायचं आणि सगळं जुनंच वाण भेटावं?

दुसरं, गाणी जवळपास सगळी इंग्रजीत आहेत आणि असामीचे उच्चार मला बऱ्याच ठिकाणी कळत नाहीत. तिसरं, आवाज. सगळं कायम वरच्या पातळीवर, ड्रम, गिटारी, गाणं, सगळे एकदम पुढे. चार गाण्यांनंतर माझे कान थकतात. पांढरे शुभ्र कपडे आणि पाच मुली हे बघून लोक जास्त भारावतात असं मला वाटतं.

ताशा_आणि_टिपरू:

निनाद, कपड्यांचं सोडून बाकी मुद्दे ठीक आहेत.

मी पथकात नऊ वर्षं ताशा वाजवतेय, म्हणून फक्त हारुनाबद्दल लिहिते. दोन पायांनी बास ड्रम. गाणं मिनिटाला १८० च्या लयीत आहे असं धरा, प्रत्येक मात्रेचे चार ठोके, म्हणजे सेकंदाला बारा. सहा उजव्या पायाचे, सहा डाव्या पायाचे. आणि ते एकसारखे पडायला हवेत. आमच्याकडे ताशात नवीन मुलींना पहिले दोन महिने हेच शिकवतो, कारण प्रत्येकाचा एक हात मवाळ असतो, तर्री, म्हणजे भराभर सलग पडणारे ठोके, वाजवताना तो मागे राहतो आणि मग तर्री लंगडी होते, लांबून ऐकणाऱ्यालासुद्धा कळतं. हाताची ही गत, तर पायाचं काय. मी हेडफोन लावून मुद्दाम लंगडं कुठे सापडतंय का ते शोधलं. मला नाही सापडलं.

आणि ती नुसती पळत नाही. ध्रुवपदाच्या आधी लय निम्म्यावर टाकते, म्हणजे बाकीचे तसेच पळत असतात पण तिचा टोल अर्ध्या जागी पडतो, आणि सगळं गाणं एकदम रुंद होतं. मिरवणुकीत अरुंद बोळातून चौकात आल्यावर पथक जसं पसरतं ना, अगदी तसं. मग ध्रुवपदात परत दोन्ही पाय सुटतात.

सहावी_तार:

@निनाद_०७ राग अजिबात नाही, पण उत्तर देते, थोडं लांबेल.

नवीन काय, याबद्दल. मला वाटतं प्रत्येक बँडने नवीन भाषा शोधायलाच हवी असं नाही, काही जण आहे त्या भाषेत असं बोलतात की ती परत जिवंत होते. थिन लिझी, मेडन, हेलोवीन हे सगळे त्यात भेटतात हे शंभर टक्के मान्य, आणि मला वाटत नाही की त्या लपवतायत. पण आपल्याकडे बंदिश तीच असते, दोनशे वर्षांची, आणि आपण म्हणत नाही की यात नवीन काय, आपण ऐकतो की या गायकाने ती कशी मांडली. मियाकोच्या वाजवण्यात पियानो आहे. ती लहानपणापासून पियानो शिकलेली आहे आणि मला ते तिच्या सोलोंत ऐकू येतं, गिटारवर हाताला जे सहज येतं ते ती वाजवत नाही, सूर मोकळे, सुटे, एकेक वेगळा मोजता येईल असे पडतात. मिदोरीचा हात वेगळा, ती सूर ओढते, दाबून वर खेचते, तिच्यात रॉकचा रांगडेपणा जास्त. दोघींचे स्वभाव वेगळे आणि तरी एकत्र चाल धरली की एक होतात. मला हे मेडनमध्ये असं ऐकू आलं नव्हतं, हे मला इथेच मिळालं.

उच्चारांचं खरं आहे. मलाही शब्द वाचावे लागले. आणि आवाजाबद्दल मी निम्मी सहमत, अल्बम एका बैठकीत ऐकला की मधे श्वास घ्यायला जागा कमी आहे, मी स्वतः तो दोन भागांत ऐकते. 'एज ऑफ द वर्ल्ड' हे शेवटाकडचं गाणं शांतपणे सुरू होतं, ते आणखी आधी हवं होतं असं मला वाटतं.

पण पाच मुली हे बघून लोक भारावतात, याबद्दल मात्र मनापासून सांगते. मी क्लासमध्ये जायला लागले तेव्हा अकरा मुलं आणि मी एकटी. पहिल्या दिवशी मला सांगितलं की तुझ्या हाताला इलेक्ट्रिक जड जाईल, युकुलेले घे, छान दिसेल. छान दिसेल! वर्षभर मला कुणी पाम म्यूट शिकवला नाही, म्हणजे तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवून तार दाबती ठेवून वाजवतात तो, ज्यातून हे मेटलचं सगळं धडधड निघतं. मुलांना तिसऱ्या महिन्यात शिकवला. मी तो या अल्बमच्या पहिल्याच गाण्यावरून शिकले, 'द हॅमर ऑफ रॉथ'. त्यांच्या लाइव्हचे व्हिडिओ थांबवून थांबवून, मियाकोचा उजवा हात बघून. तळहात किती मागे, मनगट किती सैल, कोपर हलतं की नाही. तर हो, त्या मुली आहेत याने मला फरक पडला, खूप पडला, आणि त्याची मला अजिबात लाज नाही. पण मी भारावले ते त्यांच्या वादनाने, कारण वादन तसं नसतं तर मी व्हिडिओ थांबवून बघितलाच नसता.

निनाद_०७:

@सहावी_तार हे वाचून मी माझं कपड्यांबद्दलचं वाक्य मागे घेतो. माझी चूक झाली. तुझ्याबरोबर झालं ते वाईट झालं.

आज ऑफिसला जाताना लोकलमध्ये परत लावला, पहिली चारच गाणी, तू म्हणतेस तसा एकेक कान. मिदोरी-मियाकोचा फरक मला आधी कळला नव्हता, आज दोन ठिकाणी कळला. आवाजाबद्दलचं माझं मत तेच आहे.

तोक्योकर:

उशिरा आलो धाग्यावर. मी तोक्योत निशी-कसाईला राहतो, इथे आपली बरीच मंडळी आहेत, गणपतीसुद्धा बसतो. लव्हबाइट्स मी फेब्रुवारी २०२० मध्ये प्रत्यक्ष पाहिलेत, ओदायबाला झेप डायव्हरसिटीमध्ये, ते दारासमोर मोठ्ठा गंडम रोबो उभा होता तिथे. तेव्हा त्यांचा तिसरा अल्बम नुकताच आला होता, पण पहिल्या अल्बममधली गाणी आली की हॉलचं वातावरणच बदलायचं.

इथली पद्धत सांगतो. तिकिटावर नंबर असतो आणि त्या नंबरानेच आत सोडतात, ढकलाढकली नाही, दारात पेयाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, बॅगा लॉकरमध्ये. दोन गाण्यांच्या मधे लोक इतके शांत होतात की मला पहिल्यांदा वाटलं आवडलं नाही की काय यांना. आणि मग गिटार सुरू झाली की दोन हजार माणसं एका सुरात. शब्द नाही हं, गिटारची चाल गातात! 'ओ ओ' करून ती जोडीची चाल. धागाकर्ती म्हणतेय की सोलो गाता येतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ होते, सूट घातलेला, ऑफिसातून थेट आलेले, ते अख्खा सोलो गात होते आणि डाव्या हाताची बोटं हवेत चालत होती.

मी स्टेजच्या डाव्या बाजूला होतो. दोघी मधे येऊन पाठीला पाठ लावून उभ्या राहतात तेव्हा जोडीची चाल येते हे आता पाठ झालंय.

त्यानंतर लगेच कोविड आला. २०२१ मध्ये मिहोने बँड सोडला आणि बँड थांबला, आम्हाला वाटलं संपलं. मग ऑडिशन घेऊन फामी नावाची बेसवादक घेतली आणि २०२३ मध्ये 'जजमेंट डे' आला. तोही ऐका. पण बँड जिने उभा केला ती पहिल्या तीन अल्बमवर आहे, त्यामुळे माझं मन तिकडे ओढतं.

जुना_कॅसेटवाला:

@तोक्योकर सूटवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, कधी परत भेटले तर.

हान्सेननेही १९८९ मध्ये हेलोवीन सोडला होता, मग किस्केही बाहेर पडला. आम्हालाही वाटलं संपलं. आणि मग २०१६ मध्ये जाहीर झालं की दोघे परत येतायत आणि सगळे मिळून वाजवणार, तेव्हा मी नातवाला मांडीवर घेऊन तो व्हिडिओ बघत होतो. ज्याने उभा केला तो गेला की बँड बदलतो, हे खरंय, पण थांबेलच असं नाही.

आई_वाचतेय:

मी इथे फक्त पाककृती विभागात लिहिते, पण माझा १४ वर्षांचा मुलगा दिवसभर असलं संगीत ऐकतो आणि इलेक्ट्रिक गिटार मागतोय, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. मला आधी नुसता कल्लोळ वाटायचा. काल त्याला म्हटलं की एका कानाने ऐकव, मग दुसऱ्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं! मग तासभर बसून ऐकवत होता, हे बघ आई इथे दुसरी आली, इथे परत आली. इतकं तो माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

प्रश्न: आमचा फ्लॅट आहे, शेजारी वयस्कर आहेत, आवाजाचं काय करायचं? आणि पहिली गिटार केवढ्याची घ्यावी?

सहावी_तार:

@आई_वाचतेय ताई, आवाजाची अजिबात काळजी करू नका. इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, नसेल तर ती शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नाही. थेट गिटारला लावायचा काडेपेटीएवढा हेडफोन ॲम्प मिळतो, तो घ्या, मोठा ॲम्प वर्षभर नको. गिटार महाग घेऊ नका पण दुकानात गिटार शिकलेल्या कुणाला तरी घेऊन जा, तारांची उंची फ्रेटपासून कमी आहे ना आणि मान वाकडी नाही ना एवढं त्याने बघितलं की पुरे. तारा नऊच्या जाडीच्या घ्या, दहाच्या नको, कोवळ्या बोटांना नऊ बऱ्या. आणि मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, तो फोनवर फुकट आहे. पहिले सहा महिने वेग नको, त्याला सांगा ताशावाल्या ताईंनी वर काय लिहिलंय ते, एक हात मवाळ असतो.

निनाद_०७:

मुलगा या वाटेवर आलाच आहे तर आपल्या देशातलं एक नाव सांगतो, विशाखापट्टणमचा अगेन्स्ट इव्हिल. जुन्या वळणाचं, गिटारींवर उभं असलेलं हेवी मेटल. २०१८ चा 'ऑल हेल द किंग' ऐका. लव्हबाइट्सला २०१८ मध्ये लंडनच्या मेटल हॅमर मासिकाचा बेस्ट न्यू बँड पुरस्कार मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवायला मिळालं, आपल्याकडच्या मुलांना तेवढं दार उघडायला फार वेळ लागतो. म्हणून नाव घेतलं.

पेटी_आणि_भाता:

@सहावी_तार, झालं का काही? तीन आणि चार पट्ट्यांचं?

सहावी_तार:

ताई, झालं, थोडंसं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी सगळं गाऊन घेतलं, सा-रे-ग॒-म, मग वरची ओळ ग॒-म-प-ध॒, हातात गिटार न घेता. दोन दिवस नुसतं गायलं. मग खालची ओळ फोनवर रेकॉर्ड केली आणि ती एका कानात लावून वरची वाजवली. पहिल्यांदा जुळलं तेव्हा कानात काहीतरी उघडल्यासारखं झालं, बसमध्ये झालं होतं तसंच, फक्त यावेळी दुसरी गिटार माझी होती.

मिनिटाला ६० च्या लयीवर सुरू केलं, आज ११२ वर आलेय, त्यापुढे गेलं की उजवा हात आखडतो. आणि कीरवाणीची ती झेप, कोमल धैवत पहिल्या बोटाने आणि शुद्ध निषाद करंगळीने, तीन फ्रेटचं अंतर, तिथे करंगळी अजून उशिरा पोचते. उद्या रेकॉर्डिंग टाकते. @ताशा_आणि_टिपरू, तुम्ही ११२ ला साधा ठेका धरून पाठवाल का, ताशावर चालेल, मेट्रोनोमवर वाजवून कंटाळा आलाय.

ताशा_आणि_टिपरू:

आज सरावानंतर करते. ध्रुवपदाच्या आधी निम्म्यावर टाकू ना?

सहावी_तार:

हो, टाका. चार आवर्तनं आधी, मग मोकळं सोडा.